चौथ्या चाकावरची खूण

ता. ३, रविवार

दादा,

मी तुला दोन्ही बाजूंनी भरून चार कागद लिहिले आणि तू मला काय पाठवलंस? छापील पत्रक! वर तुमच्या संस्थेचा शिक्का, खाली लाल शाईची रेघ: "शिक्षण : किमान आठवी उत्तीर्ण." बास. ना कशी आहेस, ना काय चाललंय. सख्ख्या बहिणीला कुणी पत्रक पाठवतं का रे? ते तुमच्या फाटकावरचा पहारेकरीसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कोंबत असेल. मी चौथीच्या पुढे गेले नाही हे तुला लाल शाईने मला सांगायला पाहिजे होतं का? माझं दप्तर तूच वाहायचास की.

आणि रेघच मारायची होती तर मागच्या पानावर मारायचीस. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय. मी ह्यांचा चष्मा लावून, उन्हात उभी राहून वाचलं. चाळिशी ओलांडलेल्याला शाळेची अट नाही, फक्त संस्थेतल्या एका शिक्षकाने लिहून द्यायचं की अर्जदाराचं काम मी स्वतः पाहिलं आहे आणि त्याच्या हातावर माझा विश्वास आहे. खाली सही. पंचवीस वर्षं तिथे शिकवतोस, ही ओळ तुझ्या नजरेतून सुटली? मला नाही पटत. तू बघितलीस आणि पान उलटलंस.

नमस्कार राहिला, तो घे. वहिनीलाही सांग. आम्ही ठीक आहोत. ह्यांचा गुडघा दुखतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. मी गॅरेजचं काम शिकणार म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे आता तू गाडीखाली झोपणार?" मी म्हटलं, "तुमच्या घोरण्याशेजारी झोपण्यापेक्षा बरं." दोन दिवस हिरमुसले. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, "माझी जुनी पँट घे, साडीत कशी शिरशील गाडीखाली." तर घरातून होकार आहे. अडलंय ते तुझ्यापाशी.

फोन केला नाही, कारण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि वहिनीच्या हातात देतोस. कागद तरी तुलाच वाचावा लागेल.

पहिल्या पत्रात मी नीट सांगितलं नसेल, म्हणून परत सांगते. हॉस्पिटलची लाँड्री महिनाअखेरीला बंद होतेय. चादरी आता बाहेर जाणार धुवायला. आम्ही अकरा बायका. चोवीस वर्षं मी त्या वाफेत उभी राहिले. ऑफिसातल्या पोरीने एकेकीला बोलावून, आता नवीन काय शिकणार म्हणून कागद पुढे केला, तीन चौकटी: शिवण, स्वयंपाक, म्हाताऱ्यांची देखभाल. म्हणाली, "मावशी, कुठे खूण करू?" मी म्हटलं, "गाड्यांची दुरुस्ती कुठे आहे ह्यात?" ती हसली. "कोण शिकणार, तुम्ही?" मी म्हटलं, "नाही, माझी आजी. तिची फार इच्छा आहे." तेव्हा कुठे तिने चौथी चौकट हाताने काढली.

हे खूळ अचानक आलेलं नाही. तीन महिन्यांपूर्वी आमची चादरींची व्हॅन अंगणात उभी होती, इंजिन चालू, आणि आतून घुर्र घुर्र असा आवाज. ड्रायव्हर म्हणतो पट्टा गेला. मी इस्त्रीच्या रोलरपाशी होते, मला तिथून ऐकू आलं की हा पट्टा नाही. मी गेले, त्याचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बाबा करायचे तसं. एकेका जागी. पाण्याच्या पंपापाशी आले आणि दादा, दाताखाली वाळू आल्यासारखा आवाज आला. म्हटलं, "पंपाचं बेअरिंग गेलंय. आज नेलीस तर वाचशील." ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुम्ही उशांचे अभ्रे बघा." दुसऱ्या दिवशी व्हॅन रस्त्यात बसली आणि बिघाड पंपाचाच निघाला.

गॅरेजवाल्याने विचारलं म्हणे, आधी कुणी सांगितलं होतं? तर म्हणाला, कपडे धुणारी बाई. तो गॅरेजवाला स्वतः मला बघायला आला. त्याच्या तोंडात कायम काडी असते, म्हणून सगळे त्याला काडीवाला म्हणतात. म्हणाला, "कुणाच्या हाताखाली शिकलात?" इतक्या वर्षांनी कुणीतरी मला हा प्रश्न विचारला. मी बाबांचं सांगितलं आणि माझा आवाज कापला. काडीवाल्याने ऐकू आलं नाही असं दाखवलं. भला माणूस आहे.

तर आता माझ्यापुढे तीन वाटा आहेत. मी तिन्ही ठिकाणी जाऊन आले आहे, उगाच ऐकीव सांगत नाही.

एक, हा काडीवाला. लाँड्री बंद झाली की त्या सोमवारपासून ये म्हणतो. पण पहिले सहा महिने नुसते सुटे भाग धुवायचे. "धुण्याचा तुम्हाला अनुभव आहेच," वर हे! मी त्याच्या काडीकडे बघत राहिले, नाहीतर काहीतरी बोलले असते. शिकवेल तो, हात चांगला आहे त्याचा. पण एकटा माणूस आहे. त्याने कसलेला नट दुसरं कुणी तपासत नाही, आणि उद्या मी कसलेलाही कुणी तपासणार नाही.

दुसरी, मोठ्या रस्त्यावरचं कंपनीचं शोरूम. तीन महिने, भिंतीवर लावायला फोटोसकट कागद देतात. खाली पांढऱ्या फरशा, त्यात तोंड दिसतं. कुठे तेलाचा थेंब नाही, वास नाही. यंत्र लावायचं, पडद्यावर नंबर येतो, त्या नंबरचा डबा काढायचा, नवा डबा बसवायचा. मी विचारलं, "जुन्या डब्यात काय बिघडलं ते कोण बघतं?" तो टाय लावलेला मुलगा म्हणाला, "ते बघायची गरज पडत नाही, मॅडम." मी तिथूनच परत फिरले. मॅडम म्हणाला तरी.

तिसरी, तुमची संस्था. एक वर्ष. इंजिन, ब्रेक, चाकं, वीज, सगळं. मी गेले होते दादा, मागच्या मंगळवारी. पहाटेची गाडी पकडून. तू वर्गात होतास. मी खिडकीतून बघितलं आणि तशीच परत आले, म्हणून रागावू नकोस. तुझे केस किती पांढरे झालेत. तू एका मुलीला चाक बसवायला सांगितलंस, तिने कसलं, आणि मग तू दुसऱ्या मुलाला सांगितलंस की आता तू प्रत्येक नटला पाना लावून बघ. मग तिसऱ्याला. मग स्वतः बघितलंस. एका चाकाला चार माणसं. मुलं कंटाळली होती, एकाने जांभईसुद्धा दिली. तू म्हणालास, "जांभई झाली असेल तर तूही बघ, पाचवा." मला खिडकीबाहेर हसू आलं आणि लगेच मी खिडकीपासून मागे सरले.

बाबांच्या शेडमध्ये कधी कुणी दुसऱ्यांदा पाना लावला नाही.

आठवते का रे तुला ती शेड? मला तर हल्ली डोळे मिटले की तीच दिसते. पत्र्याचं छत, मधोमध तो खड्डा, त्यात उतरायच्या पाच पायऱ्या आणि चौथी हलायची. भिंतीवरची फळी, तिच्यावर बाबांनी प्रत्येक हत्याराच्या आकाराची काळी रेघ काढलेली. संध्याकाळी एखादी रेघ रिकामी दिसली की बाबा आपल्याला जेवू द्यायचे नाहीत, हत्यार सापडेपर्यंत. लाकडाचा भुसा आणि साबणाची पूड मिसळून हात धुवायचे, तरी नखं काळीच राहायची. आई म्हणायची, "तुम्हा तिघांची नखं बघून अनोळखी माणूसही सांगेल एकाच घरची."

आणि आपला खेळ. शेडच्या मागे जुन्या टायरांचा ढीग, त्यावर आपण रस्त्याकडे पाठ करून बसायचो. येणारी गाडी आवाजावरून ओळखायची. मी म्हणायचे, "ट्रक. एक सिलिंडर मार खातोय." तू म्हणायचास, "गप ग, सायलेन्सर फाटलाय." हरणाऱ्याने शेड झाडायची. तू किती वेळा झाडलीस ते आठव. एकदा बाबा मागे उभे राहून ऐकत होते, आपल्याला माहीतच नव्हतं. म्हणाले, "पोरीचा कान माझा आहे." तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी मात्र तुझ्या वाटचं केळं मला दिलंस.

बाबांचा तो खडूचा नियम. चाकाचे नट कसून झाले की नटपासून चाकापर्यंत एक रेघ मारायची. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते. बाबांचा खडू पांढरा, तुझा निळा. खूण म्हणजे सही, म्हणायचे. खूण दिसली की ते स्वतःसुद्धा परत पाना लावायचे नाहीत, एवढा मान होता त्या रेघेला. मी खडू मागितला तर म्हणाले, "तुला कशाला? तू लहान आहेस." लहान म्हणाले, पण तू माझ्याहून लहान असताना तुला मिळाला होता. मी रडले. मग तूच वाट काढलीस. तू कसायचास आणि मागून मी तुझ्या निळ्या खडूने रेघ मारायची. बाबांना वाटायचं सगळ्या रेघा तुझ्या.

हे लिहून मी मघाशी उठले. कपडे वाळत घालून आले. भांडी पुसली. ह्यांना उगाच बोलले. आता परत बसले आहे, आणि आता लिहिल्याशिवाय उठणार नाही.

वहिनीने गेल्या वर्षी मला सहज म्हणून सांगितलं होतं की तू अजूनही कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती फिरतोस आणि चारही चाकांना हात लावतोस. भाड्याची असो, कुणाची असो. तुमच्याच लग्नाच्या वेळी नवरी गाडीत बसून वाट बघतेय आणि हा चाकं चाचपतोय. वहिनी हसत होती. मीही हसले. घरी येऊन दार लावून घेतलं.

ती शीळवाल्या काकांची टॅक्सी. शीळ वाजवत यायचे म्हणून शीळवाले. त्या दिवशी चारही चाकं काढून ब्रेक बदलले होते. तू सतरा वर्षांचा, मी बारा. तू तीन चाकं कसलीस, मी मागून रेघा मारल्या. चौथं चाक तू नुसतं हाताने चढवलं होतंस आणि बाबांनी हाक मारली, दुसऱ्या गाडीसाठी दुकानातून ब्रेकचं तेल घेऊन ये. तू जाताना मागे वळून म्हणालास, "थांब हं, चौथं राहिलंय. आलोच."

दादा, तू म्हणाला होतास. मी ऐकलं होतं. तुला जे आठवत होतं ते बरोबर होतं.

मला वाटलं, तू येईपर्यंत आपणच करून दाखवावं. आणि मी काय केलं, आधी रेघा मारल्या. पाचही नटांवर. मला कसण्यापेक्षा रेघ मारायला जास्त आवडायचं, खडू हातात असायचा ना. मग व्हील पाना लावला, त्याच्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले, दोन नट कसले. तिसऱ्याला जोर पुरेना. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. म्हटलं, जेवून येऊन करू. मी जेवून आले तेव्हा गाडी गेली होती, तू अजून आला नव्हतास. बाबांनी चार चाकांवर निळ्या रेघा बघितल्या, जॅक काढला आणि दिली.

तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. बाबा सायकल घेऊन मागे सुटले असते. कोपऱ्यावरून कुणाला तरी पाठवलं असतं. मी मूग गिळून बसले. मनात म्हटलं, दोन तर कसलेत.

उतारावर चाक निघालं. गाडी भिंतीवर गेली. काकांचा हात कोपरात मोडला तो पुन्हा सरळ झाला नाही, हे तुला ठाऊक आहे. तुला हे ठाऊक नाही की त्यांनी पुढे टॅक्सी विकली आणि आपल्या जुन्या घरामागच्या गल्लीत छत्र्या दुरुस्त करायला बसले, आणि मी लग्न होईपर्यंत त्या गल्लीतून कधी गेले नाही. पाऊस असो, घाई असो, मोठा वळसा घालून जायची. आई म्हणायची, हिला चालायची फार आवड.

त्या संध्याकाळी तू मला टायरांच्या मागे नेलंस. चेहरा पांढरा पडला होता तुझा. विचारलंस, "मी चौथं कसलं होतं का ग? मला तर वाटतंय मी तुला थांब म्हणालो." मी म्हटलं, "तसं काही म्हणाला नाहीस. तू कसलंस, मग मी रेघ मारली."

तू मान डोलावलीस. स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलास. आणि बाबांसमोर जाऊन म्हणालास, "मीच कसलं असणार. खूण माझीच आहे." माझं नावसुद्धा घेतलं नाहीस, मी खडू वापरते हेसुद्धा सांगितलं नाहीस. बाबांनी चार गिऱ्हाइकांसमोर तुझ्या खिशातून खडू काढून घेतला. "ह्या हाताला गाडी द्यायची नाही आजपासून." महिन्याने तू घर सोडलंस. लोक म्हणाले, मोठा झाला, शहरात गेला. मी पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. लोक म्हणाले, मुलगी वयात आली. बाबांनी दोन वर्षांत शेड विकली. लोकांनी त्यालाही काहीतरी कारण काढलं असेल.

बाबा गेले तेव्हा तू आलास आणि दाराबाहेर उभा राहिलास. मी तुला चहा आणून दिला. तुझ्या हातात कप देताना माझ्या ओठापर्यंत आलं होतं. तू म्हणालास, "साखर जास्त झालीय." आणि मी दुसरा कप आणायला गेले. एवढ्यावर राहिलं.

बारा वर्षांची होते असं मी म्हणणार नाही. बारा वर्षांची तेव्हा होते. तेराव्या वर्षी सांगता आलं असतं, तिसाव्या वर्षी आलं असतं. गेल्या महिन्यात चार कागद लिहिले तेव्हाही पंपाचं बेअरिंग लिहिलं आणि हे लिहिलं नाही. तुझं पत्रक आलं तेव्हा आधी चिडले, मग वाटलं बरं झालं. तू आंधळेपणाने सही दिली असतीस तर मी ती घेऊन तुझ्या वर्गात बसले असते, आणि तू मुलांना एका चाकाला चारदा पाना लावायला सांगितलं असतंस, का ते मलाच माहीत असून मी वहीत उतरवून घेतलं असतं. तेवढी निगरगट्ट मी नाही. होते, आता नाही.

तर आता तुला सगळं माहीत आहे. माझा हात तू पाहिला आहेसच, उरलेला आज दाखवला. मला तुमच्याच संस्थेत शिकायचंय, कारण तिथे माझ्या मागून कुणीतरी पाना लावेल. मला तसंच शिकायचंय, दुसऱ्या तऱ्हेने नाही. वय शेहेचाळीस आहे, कान अजून शाबूत आहे, एक वर्ष भाड्याच्या खोलीत राहायची तयारी आहे. तुझ्या घरी राहणार नाही, घाबरू नकोस. वर्गात सर म्हणेन. चुकले तर इतरांना बोलतोस तसं बोल.

आणि ह्यातलं वहिनीला काय सांगायचं, किती सांगायचं, ते तुझं तू ठरव. हवं तर हे सगळे कागद तिच्यासमोर वाच. चौतीस वर्षं तिच्या नवऱ्याने न केलेली चूक चाचपली, एवढं तरी तिला कळू दे.

अर्जाची मुदत शनिवारी, सोळा तारखेला संपते. मला चौदा तारखेच्या गुरुवारपर्यंत तुझं उत्तर हवं. हो असेल तर सही पाठव. नाही असेल तर नाही म्हणून लिही, मी त्या सोमवारी काडीवाल्याकडे सुटे भाग धुवायला उभी राहीन आणि तुझ्यावर अक्षरभर रागावणार नाही. शिव्या द्यायच्या असतील तर त्या दे, दोन कागद लागले तरी दे. फक्त गप्प बसू नकोस. तेवढं एक करू नकोस दादा. गप्प बसून काय होतं ते एकीने करून बघितलंय, दोघांनी करायची गरज नाही.

गुरुवारपर्यंत.

तुझी,
तू थांब म्हणाला होतास तरी न थांबलेली,
बहीण